उपाशी तासांचा फळा

३ मार्च, सोमवार

मिळाले! सहा आठवडे मिळाले. चार वर्षं मी ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा करत होते, तिला आज डॉक्टरांनी होकार दिला. तोही असा, की जणू मी त्यांच्या घरातली मोठी खोलीच मागितली होती.

आमच्या मुलांच्या अतिदक्षता विभागात आठ खाटा आहेत. मूल गंभीर होऊन आलं, श्वासाच्या मशीनवर गेलं, की पहिले तीन-चार दिवस त्याला नुसती सलाईन. पोटाकडे कुणी बघत नाही. आधी जीव वाचू दे, मग जेवणाचं बघू, असा सगळा मामला. मी आहारतज्ज्ञ. माझं म्हणणं एवढंच, की रिकामं पडलेलं पोट आळसावतं आणि पोर आतून वाळत जातं. नाकातून पोटात नळी घाला, पहिल्या चोवीस तासांत थोडं थोडं फीड, म्हणजे दुधासारखं पातळ अन्न, सुरू करा, पंपाने, थेंबाथेंबाने.

"करून बघा," डॉक्टर म्हणाले. "फायदा दिसतो असं बरेच जण म्हणतात. पण छातीठोकपणे कुणी सांगत नाही, हे ध्यानात ठेवा. सहा आठवड्यांनी आकडे दाखवा. पटले तर कायमचं करू."

आकडे ना? आकड्यांत मला कोण हरवणार!

६ मार्च, गुरुवार

परवानगी मिळणं वेगळं आणि फीड पोटात पोहोचणं वेगळं, हे तीन दिवसांत कळलं. आज मी दिवसभर विभागात खुर्ची टाकून बसले. एक्स-रेसाठी फीड थांबवलं, परत सुरू करायचं राहिलं. अंग पुसायला थांबवलं, राहिलं. छाती मोकळी करायला फिजिओवाली आली, थांबवलं, ती गेली, पंप तसाच मुका. दर चार तासांनी सिरिंजने पोटातलं ओढून बघतात, जास्त उरलेलं दिसलं की थांबवतात, ते पुढे किती वेळ याचा पत्ताच नाही. सगळं मिळून एका दिवसात, आठ खाटांचे, एकेचाळीस उपाशी तास!

आम्ही सगळे ज्यांना मोठ्या सिस्टर म्हणतो, त्या विभागप्रमुख नर्स. सत्तावीस वर्षं याच खोलीत काढलेली बाई. त्यांना एकेचाळीस सांगितले तर म्हणाल्या, "मॅडम, थांबवलेलं सगळंच फुकट नसतं हो."

मी म्हटलं, "आणि सगळंच शहाणपणाचंही नसतं." त्या हसल्या. आमचं बरं जमतं.

एक तरुण नर्स आहे, येऊन दोन वर्षं झाली तरी सगळे तिला 'नवी' म्हणतात. तिच्याकडच्या खाटेचा पंप सव्वा तास बंद होता. मी म्हटलं, "काय गं, पोरांना उपाशी ठेवायचा वेगळा पगार मिळतो का तुला?" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली. थट्टेत सांगितलं की कामं पटकन होतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

१० मार्च, सोमवार

फळा लागला. पांढरा, पुसायचा, थेट दारासमोर. वर मोठ्या अक्षरात 'उपाशी तास'. खाली तीन रकाने, सकाळ, दुपार, रात्र. ज्या पाळीचे आठवड्यात सगळ्यात कमी तास, तिला चॉकलेटचा डबा, माझ्यातर्फे. कुठल्याही खाटेचं फीड थांबवलं, की थांबवणाऱ्या नर्सने फळ्यावर आपली सही करायची.

डॉक्टरांनी फळा पाहिला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "छान आहे." मोठ्या सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांना बहुधा अक्षर आवडलं नसावं, माझं अक्षर मेलं कोंबडीच्या पायासारखं.

पहिल्या दिवशी बत्तीस तास.

१३ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी पाच वर्षांची एक मुलगी आली. न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं भरलेली, आल्या आल्या मशीनवर. वजन सोळा किलो. एकोणिसाव्या तासाला फीड सुरू केलं, ताशी दहा मिली. हळूहळू पस्तीसपर्यंत न्यायचं आहे. आतापर्यंतची सगळ्यात लवकरची सुरुवात!

तिचा बाप शिंपी आहे. आई नाही, दोन वर्षांपूर्वी वारली. बाप तिला गुंडी म्हणतो. भेटीच्या अर्ध्या तासात त्याने डॉक्टरांना मशीनचं विचारलं, सिस्टरना तापाचं विचारलं आणि मला विचारलं, "मॅडम, ती जेवली का?"

असं मला कुणी विचारत नाही. मी चार्ट बघून सांगितलं, "पन्नास मिली." त्याने खिशातून मापाची वही काढली आणि गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या आकड्यांखाली लिहून घेतलं.

१५ मार्च, शनिवार

फळ्यावर नऊ! बत्तीसावरून नऊ. दुपारच्या पाळीने डबा जिंकला. नवी त्याच पाळीत आहे, तिला मुद्दाम पहिलं चॉकलेट दिलं. "बघ, जमतं की नाही?" म्हटलं. तिने ते खिशात ठेवलं, म्हणाली, नंतर खाईन.

माणसाला समोर आकडा दिसला की तो सुधारतो. घरीही मी हेच केलं आहे. नवऱ्याची साखर वाढते म्हणून फ्रिजवर तक्ता चिकटवला, रोज सकाळी मोजून लिहायचं. महिना झाला, एकशे बारा, एकशे दहा, एकशे बारा. पूर्वी दोनशेच्या खाली यायची नाही. मी त्याला म्हटलं, "बघितलंस, शिस्त म्हणजे काय ते?" तो म्हणाला, "तुझ्यापुढे साखरेचं काय चालणार!" आणि पेपरात डोकं घातलं.

गुंडी ताशी वीसवर. मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन साठ टक्क्यांवरून पन्नासवर आला, जितका कमी लागेल तितकं बरं.

१८ मार्च, मंगळवार

आज सगळ्या विभागात मिळून दोन तास. दोन! सगळ्या चार्टांवर 'उरलं किती'च्या रकान्यात दहा, पंधरा, पंधरा. मुलांची पोटं अशी काही पचवायला लागली आहेत की मी पुस्तकात वाचलं असतं तर अतिशयोक्ती म्हटलं असतं. मोठ्या सिस्टरनाही पटलेलं दिसतं, हल्ली माझ्याशी वाद घालत नाहीत. नुसतं म्हणाल्या, "गुंडीचं झोपेचं औषध काल वाढवलंय, मशीनशी भांडत होती. त्या औषधाने पोट मंदावतं." मी चार्ट दाखवला, उरलेलं पंधरा. त्यांनी चार्टाकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

गुंडी ताशी तीसवर. ऑक्सिजन चाळीस.

संध्याकाळी तिचा बाप मला दारात गाठून म्हणाला, "मॅडम, तिच्या गाऊनची कमरेची नाडी कालपर्यंत पुरून चार बोटं उरत होती. आज गाठ बसत नाही."

मला हसू आलं. शिंप्याचा डोळा, दुसरं काय! म्हटलं, "अहो, इथले गाऊन धुऊन धुऊन आटतात. आणि सलाईनने थोडी सूज येतेच. कालपासून चोवीस तासांत सहाशे ऐंशी मिली गेलंय पोटात, लिहून घ्या." त्याने लिहून घेतलं. मग थोडा वेळ वही उघडीच धरून उभा राहिला.

१९ मार्च, बुधवार

दुपारी दोन वाजता गुंडीला उलटी झाली. खूप मोठी. पोट टरटरून फुगलेलं होतं. फीड छातीत उतरलं. ऑक्सिजन ऐंशीवर गेला आणि तरीही ओठ निळे.

मी भिंतीशी उभी होते. मला तिथे काहीच काम नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

तशीच आहे. डॉक्टर रात्रभर घरी गेले नाहीत. मला बघून फक्त एवढंच म्हणाले, "उद्यापासून जुनी पद्धत. लवकर फीड बंद. परवा बैठक आहे, बाकी तिथे बोलू."

बापाला वाटतं की आजारच उलटला. आज त्याने मला काही विचारलं नाही. मीही त्याच्या समोरून गेले नाही, मागच्या जिन्याने उतरले. हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

संध्याकाळी तिचे सगळे चार्ट घेऊन बसले. उरलं किती: पंधरा, पंधरा, पंधरा, दहा, पंधरा. चार दिवस. ताशी वीसला पंधरा आणि ताशी तीसलाही पंधरा. एवढं सारखं कुणाचं पोट चालत नाही. मला हे चार दिवस दिसलं नाही, आणि मी म्हणे आकड्यांतली बाई.

२१ मार्च, शुक्रवार

नवीला औषधांच्या खोलीत बोलावलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. चार्ट तिच्यापुढे आपटला.

"मंगळवारी दुपारचं हे पंधरा. खरं किती होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "नव्वद."

"नव्वद? आणि बुधवारी सकाळी?"

"सकाळी माझी पाळी नव्हती, मॅडम. पण तेव्हाही पंधरा नसणार. कुणाचंच पंधरा नसतं. सगळ्याच लिहितात."

"का?"

आता तिने माझ्याकडे बघितलं. "थांबवलं की फळ्यावर सही करावी लागते. मग तुम्ही येता, सगळ्यांसमोर विचारता, पगार कशाचा घेतेस. सगळ्या हसतात. पाळीचा डबा जातो, मग पाळीतल्याही बोलतात. मी दोनदा सही केली होती, मॅडम. तिसऱ्यांदा नाही केली."

मी म्हटलं, "अगं, ती थट्टा होती."

ती म्हणाली, "हो, मॅडम." हे 'हो, मॅडम' मी तिच्या तोंडून दिवसातून दहा वेळा ऐकते. आज पहिल्यांदा ते मला ऐकू आलं.

मग ती रडायला लागली. म्हणाली, गुंडीच्या पोटाकडे बघून मला कळत होतं, मी पुढच्या पाळीला तोंडी सांगणार होते, पण त्या गडबडीत राहिलं. पुढच्या पाळीने पंधरा वाचलं आणि पंप तसाच चालू ठेवला.

मी तिला गप्प केलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. चार्ट उचलून आले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उद्या बैठक. मी अगदी खरं लिहिते. नवीने खोटं लिहिलं, एवढं सांगितलं की माझं सुटतं. लवकर फीड देण्यात चूक नव्हती, नर्सने आकडा लपवला, झालं. तिला काढतील. माझे सहा आठवडे कदाचित वाचतील. आणि तिने खोटं लिहिलं हे तर खरंच आहे. दुपारपासून मी हे वाक्य मनात दहा वेळा घोळवलं, आणि दर वेळी ते मला अगदी बरोबर वाटलं. म्हणूनच भीती वाटते.

आणि गप्प राहिले, तर सगळे लवकरच्या फीडला दोष देतील. पुढची पोरं पुन्हा चार-चार दिवस सलाईनवर.

२२ मार्च, शनिवार

सांगितलं.

मेट्रन बाईंनी नवीला विभागातून काढायची गोष्ट काढली, तेव्हा मी म्हटलं, "आकडा तिने खोटा लिहिला. पण तो लिहायला मी लावला. फळा माझा, डबा माझा, टोमणे माझे. सगळ्या पाळ्यांनी तेच केलंय, चार्ट तपासा. आणि मुलीच्या वडिलांनी पोट फुगल्याचं आदल्या दिवशी माझ्या कानावर घातलं होतं. मी हसण्यावारी नेलं. हे अजून कुणाला माहीत नाही."

डॉक्टर बराच वेळ पेन बंद-उघड करत होते. मग म्हणाले, "फळा रोज मीही बघत होतो. बत्तीसाचे दोन झाले तेव्हा मला शंका यायला हवी होती. उलट मी त्या डब्यातलं एक चॉकलेट खाल्लं."

ठरलं ते असं. फळा आजच खाली. फीड लवकर सुरू होणार, पण आधी सिस्टर हाताने पोट बघणार. थांबवायला कुणाची परवानगी लागणार नाही, सहीही नाही. नवीला लेखी ताकीद, मलाही. आणि माझे आकडे गेले. "यातला एकही मी कुठे दाखवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "फीडने मुलांचं भलं झालं की नाही, ते या कागदांवरून कुणालाच कळणार नाही."

चार वर्षं! घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२४ मार्च, सोमवार

गुंडीचा ऑक्सिजन पंचावन्न. डॉक्टर म्हणाले, वडिलांना मी सांगतो. मी म्हटलं, आपण दोघं सांगू.

त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मी नाडीचं बोललो होतो."

"हो."

"तुम्ही हसला होतात."

"हो."

त्याने मापाची वही काढली, माझे आकडे लिहिलेलं पान फाडलं, चार घड्या घातल्या. फेकायला जागा दिसेना तेव्हा परत खिशातच ठेवलं. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तो बाजूला झाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ मार्च, बुधवार

सगळं नवऱ्याला सांगितलं. आठवडाभर मनात कोंडून ठेवलं होतं, आज जेवताना बोलले. फळा, पंधरा, नवी, सगळं. तो हात धुवायला म्हणून उठला तो साखरेचं मशीन घेऊनच आला. माझ्यासमोर बोट टोचलं. दोनशे एकतीस.

"तक्ता लावल्यापासून चारदाच मोजलीय," तो म्हणाला. "तुझ्याशी भांडण्यापेक्षा एकशे बारा लिहिणं सोपं पडतं."

मी चिडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोघांनाही हसू आलं, पण फार वेळ नाही. परवा डॉक्टरकडे जायचं आहे. तक्ता त्यानेच काढला.

२७ मार्च, गुरुवार

गुंडीला पुन्हा फीड. ताशी पाच मिली, माझ्या वीस वर्षांतली सगळ्यात घाबरट सुरुवात. मी चार्ट उघडून उभी, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तो कागद ठेवा आधी. हात धुऊन या."

त्यांनी माझा हात धरून गुंडीच्या पोटावर ठेवला. "दाबू नका. नुसता ठेवा. काय वाटतं?"

मला काय वाटणार! वीस वर्षांत मी या खोलीतल्या एकाही मुलाला हात लावलेला नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. वजन, मिली, कॅलरी, सगळं कागदावरून. पोट मऊ होतं, गरम, आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. मशीनचा श्वास, पण होत होतं. मी म्हटलं, "मऊ आहे."

"हं. हे रोज येऊन बघायचं."

२९ मार्च, शनिवार

ताशी पंधरावर होतो. आज अकरा वाजता विभागात गेले तर पंप बंद. शेजारी नवी उभी.

"मी थांबवलंय," ती म्हणाली. मान वर होती. "पोट कडक वाटतंय. दोन तासांनी परत बघीन, मग ठरवीन."

जिभेवर आलं होतं माझ्या. दोन तास कशाला, एक पुरे. खोटं कशाला लिहू, आलंच होतं. मी हात धुतले, पोटावर ठेवला. मला ते मऊच वाटलं. पण मला काय कळतं, दोन दिवसांची शिकाऊ मी. म्हटलं, "बरं केलंस."

तिला ते खरं वाटलं नसावं. एक वाजेपर्यंत दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. एकला तिने स्वतःच परत सुरू केलं.

३ एप्रिल, गुरुवार

काल गुंडीच्या तोंडातली नळी काढली, मशीन सुटलं. आज बाहेरच्या वॉर्डात गेली. वजन चौदा किलो नऊशे. आवाज बसलाय, पण सकाळपासून "माझा हात सोडा" एवढं एकच वाक्य सगळ्यांना ऐकवते आहे. नाकातली नळी अजून आहे. निघण्याआधी चमच्याने पाणी दिलं तर निम्मं गिळलं, निम्मं नवीच्या अंगावर.

मी वॉर्डात चार्ट पोहोचवायला गेले. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवता आला असता. बाप खाटेवर बसून तिच्या पायात मोजे चढवत होता. मला बघून उठला नाही. दहा दिवसांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी चार्ट अडकवला आणि निघाले, तेव्हा म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं."

मी थांबले.

"ते पहिल्या दिवसापासून दूध दिलंत, त्याचा तिला उपयोग झाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "व्हायला हवा असं मला वाटतं. पण माझ्याकडे दाखवायला काही नाही."

त्याने मान हलवली. हे त्याला पटल्यासारखं दिसलं. मग गुंडीकडे बघत त्याने विचारलं, "आणि मी नाडीचं सांगितलं, तेव्हा तुम्ही आत जाऊन नुसतं बघितलं असतंत, तर?"

वेगवेगळी उत्तरं सुचली मला. झोपेचं औषध वाढवलं होतं, फुप्फुसं आधीच भरलेली होती, असं कुणालाच नक्की सांगता येत नाही. सगळी खरी होती. तो वाट बघत होता, आणि गुंडीही माझ्याकडे बघत होती, न समजता.

"तर उलटी झाली नसती," मी म्हटलं. "ती आठवडाभर आधी इथे आली असती."

"हं," तो म्हणाला. मग पलंगाखालचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं आणि दुसरा मोजा घालायला घेतला.

मी बसले.